विटकरी अस्तर

मार्लूसने रुळांवरची लोखंडी जाळी ओढून बाहेर काढली आणि म्हणाली, “हे बघा, वोल्बर्सबाई. हेच ते.” हर्मीनने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पाहिलं. तिच्या मनात आधी आलं ते असं, की हे आपलं नाही. मग लगेच, दार लावायच्या आत कुणीतरी घुसावं तसं दुसरं आलं, की हे आपल्यापेक्षा चांगलं आहे. आणि मग ती म्हणाली, “हो. माझंच.”

म्युझियमचं ते कोठार गावाबाहेर, गोदामांच्या रांगेत होतं. आत थंडी, आणि थंडीला पुठ्ठ्याचा वास. चित्रात खिडकी होती. खिडकीच्या कट्ट्यावर एक कुंडी, हिरव्या तलवारीसारख्या पानांची, आणि तिच्या जोडीला जिथे दुसरी असायला हवी तिथे नुसतं गोल, ओलसर वर्तुळ. काचेबाहेर बर्फ, पण पांढरा नाही, ताकाच्या रंगाचा. कोपऱ्यात नाव : हर्मीन वोल्बर्स, १९७९. ते नाव ती बघतच राहिली. अक्षरं सारखी, नेटकी, एकेक रेघ मोजून ओढलेली. स्वतःचं नाव माणूस इतकं जपून लिहीत नाही. आणि कडेला, रंग जिथे संपतो तिथे, खालचं अस्तर डोकावत होतं. विटकरी. हर्मीनने आयुष्यात विटकरी अस्तरावर चित्र काढलं नव्हतं. तिचं अस्तर राखी. शाळेपासून राखी, आजतागायत राखी. विटकरी अस्तर लावणारी बाई तिला एकच ठाऊक होती, आणि त्या बाईचं नाव तिने चव्वेचाळीस वर्षं तोंडातून काढलेलं नव्हतं. “नगरपालिकेच्या साठ्यात मिळालं,” मार्लूस सांगत होती. “तिथून तुमचा दुसरा काळ सुरू होतो बघा. सगळ्या रिकाम्या खिडक्यांची ही आई. पोस्टरवर हेच घेतोय आम्ही.” पोरगी पस्तिशीची, गालांवर थंडीचा लाल रंग, चेहरा इतका निर्मळ की हर्मीनला लगेच संशय आला. ही आपल्याला चाचपून तर बघत नाही ना? हिला कळलंय, आणि म्हातारीला कळतंय का ते ही पाहतेय? “मागची बाजू दाखव,” ती म्हणाली. मार्लूसने दोन्ही हातांनी चित्र उलटं केलं. मागे लाकडाची चौकट, कोपऱ्यांत पाचरी, आणि आडव्या पट्टीवर पेन्सिलने घातलेला आकडा, त्याच्या शेपटीला गाठ मारल्यासारखा पीळ. तो पीळ हर्मीनला कुठेही ओळखता आला असता. वेसलचा. तिच्या सुतार नवऱ्याचा. म्हणजे चित्र फेनाचं, चौकट वेसलची, आणि नाव तेवढं माझं. ती म्हणाली, “छान टिकलंय,” आणि हातमोजे शोधू लागली.

पूर अडवायच्या बांधावरून सायकल हाकताना वारा समोरून होता आणि आयसल नदी फुगलेली, कुरणांवर चढून आलेली. पंच्याहत्तराव्या वर्षीही ती सायकलच चालवायची. उतरून ढकलत न्यायची वेळ येईल तेव्हा आपलं संपलं असं तिने ठरवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण विचारणार आहे? वेसलला जाऊन अकरा वर्षं झाली. सही आहे, साल आहे, नगरपालिकेच्या वहीत नोंद आहे. महिन्याभराने प्रदर्शन उघडेल, लोक वाईनचे ग्लास घेऊन त्या खिडकीपुढे उभे राहतील आणि म्हणतील, इथून ही बाई खरी चित्रकार झाली. आणि ते खरं नसेल. हेच तिला खुपत होतं, आणि त्याहून जास्त खुपत होतं ते हे की मार्लूस म्हणाली त्यात काही चूक नव्हतं. ऐंशी सालापासून हर्मीनने जे केलं, ज्याच्यासाठी ॲमस्टरडॅमची माणसं गाडी करून गावात आली, ज्याच्यासाठी राणीच्या नावाचं पदक मिळालं, ते सगळं हेच होतं : खिडकीचा कट्टा, आणि कट्ट्यावर काहीतरी नसणं. मग कुणी कुणाचं उचललं? एकोणऐंशीत ती बहिणीकडून परत आली होती तेव्हा जिन्याखाली काहीतरी कागदात गुंडाळून उभं केलेलं होतं. होतं का? कागद एका कोपऱ्यात फाटलेला होता आणि आपण वाकून पाहिलं होतं, की हे आत्ता, बांधावर, वाऱ्यात आपण रचतोय? तिची बहीण शेवटी शेवटी चहाच्या किटलीला नमस्कार करायची. हर्मीनने ब्रेक दाबला, उगीचच, आणि पुन्हा पायडल मारलं.

त्या काळी नगरपालिका चित्रकारांना पोसायची. दर तीन महिन्यांनी कमिटीपुढे चित्रं मांडायची. पटली तर घर चालायचं, चित्रं जायची तळघरात. चित्रं नेली नाहीत तर यादीतून नाव कमी. गावात यादीवर बायका दोनच, हर्मीन आणि फेना ओस्टरहाउस. दोघी एका वर्गातल्या, एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकीच्या घरची साखर संपली की दुसरीच्या डब्यात हात. कमिटीतला एक म्हातारा त्यांना ‘आमच्या दोन कुंड्या’ म्हणायचा, कारण या देशात खिडकीत कुंड्या ठेवायच्या त्या दोन, आणि सारख्या. एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत बर्फाने दारं बंद झाली. सतरा तारखेला हर्मीनला मुलगा झाला, तो हलत नव्हता. नर्सने त्याला टॉवेलात घेतलं आणि म्हणाली, बघू नका, त्रास होईल. त्या काळी असंच करत. मूल कुठे नेलं, कुठे पुरलं, आईला सांगत नसत. त्याचं नाव ठरलेलं होतं. ते तिने इस्पितळात वेसलच्या कानात एकदा सांगितलं, त्यानंतर कुणालाही नाही. नगरपालिकेच्या दप्तरातही नाही, तिथे तो नव्हताच. ती सहा आठवडे बहिणीकडे भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. परत आली तेव्हा कामाच्या खोलीत ऊब होती, शेगडीत ताजी राख होती, आणि बरणीतल्या एका ब्रशच्या टोकाला सिगारेटचा पातळ कागद गुंडाळलेला होता. केस विस्कटू नयेत म्हणून ब्रश धुतल्यावर त्यांना असा कागद फक्त फेना गुंडाळायची. मनात पाल चुकचुकली. मी तिकडे मेल्यासारखी पडलेली, आणि ही माझ्या खोलीत, माझ्या शेगडीशी, माझ्या नवऱ्याबरोबर. वेसलला विचारलं, खोलीत कोणी आलं होतं का? तो म्हणाला, नाही. कमिटीचं विचारलं तर म्हणाला, तुझीच जुनी तीन चित्रं नेतो. सुताराचा हात खोटं बोलत नाही, तोंड बोलतं. ऑगस्टमध्ये फेनाचा वाढदिवस आला तेव्हा हर्मीनने संडासातल्या कॅलेंडरवरचं तिचं नाव काळ्या शाईने खोडून टाकलं. ते वाढदिवसांचं कॅलेंडर लग्नापासूनचं. त्याला साल नसतं, वार नसतात, नुसत्या तारखा आणि त्यांच्यापुढे आपल्या माणसांची नावं. कुणी वारलं की नावापुढे छोटा क्रूस. पण खोडायचं नाही, तशी रीत नाही. तिने खोडलं होतं, कागदाला भोक पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झुटफेनच्या गाडीत बसली. वेसल गेला तेव्हा काळ्या काठाच्या लिफाफ्यात फेनाचं चार ओळींचं पत्र आलं होतं. हर्मीनने उत्तर दिलं नव्हतं, पण लिफाफा टाकलाही नव्हता. मागे झुटफेनचा पत्ता होता. का ठेवला होता? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण चोर कोण ते तिला या घटकेलाही ठरवता येत नव्हतं. समोरच्या बाकावरची बाई सफरचंद सोलत होती, आणि साल न तुटता उतरली म्हणून स्वतःशीच हसली. हर्मीनला वाटलं, हीसुद्धा मला हसतेय.

स्टेशनमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फेनाने दार उघडलं, साखळी न काढता. उंच बाई आता वाकली होती. केस पुरुषासारखे कापलेले. “फोन करून यायचं असतं,” ती म्हणाली.

“केला असता तर उचलला असतास?”

“नसता.”

“म्हणून तर.”

“बूट पूस,” फेना म्हणाली आणि साखळी काढली. हर्मीनने आधी तिच्या नखांकडे पाहिलं. स्वच्छ. मग भिंतींकडे. एकही चित्र नाही. खिडकीत कुंड्या होत्या, दोन. फेनाने कॉफी आणली, पत्र्याचा डबा उघडला, हर्मीनच्या बशीत एक बिस्किट ठेवलं आणि झाकण लावलं. एक कप, एक बिस्किट, आणि झाकण : पाहुण्याला आपली जागा कळते. “काढत नाहीस हल्ली?” हर्मीनने विचारलं.

“पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडली सत्तावीस वर्षं. हल्लीचं काय विचारतेस? तू बोल. मरायला टेकलीयस का? त्याशिवाय तू इथे यायची नाहीस.”

“एक चित्र सापडलंय. एकोणऐंशीचं. खिडकीचं.”

“एक कुंडी असलेलं?” फेना साखर ढवळत म्हणाली, जणू हरवलेली छत्री सापडली होती. “बाकीची दोन गेली वाटतं. त्यांतलं एक जास्त चांगलं होतं.”

“म्हणजे तूच.”

“मग काय तू? तू बहिणीकडे भिंत मोजत पडली होतीस. वेसल आला माझ्याकडे, बर्फातून चालत, भुवयांवर बर्फ. म्हणाला, मार्चअखेर कमिटी आहे, तीन चित्रं नेली नाहीत तर हर्मीनचं नाव जाईल, आणि तेही गेलं तर ती उठायची नाही. मी म्हटलं, तू चौकटी कर, शेगडी पेटव, बाकी मी बघते.”

हर्मीन ऐकत होती आणि तिच्या आत काहीतरी मान हलवत होतं : फार गुळगुळीत आहे हे. कुठेतरी पाणी मुरतंय. मेलेला साक्षीदार सोयीचा असतो. त्याच्या तोंडी काय घालाल ते शोभतं. “आणि तुझी स्वतःची चित्रं? त्या तिमाहीची?”

“माझी कुठून होणार? हात दोनच असतात बाईला.”

“म्हणजे तुझं नाव कमी केलं त्यांनी.”

“केलं. बिस्किट खा, मऊ पडेल.”

हर्मीनने बिस्किट उचललं आणि परत ठेवलं. तिला आठवलं, त्या वर्षी जूनमध्ये बाजारात फेना यादीवरून गेल्याची बातमी तिला भाजीवालीने दिली होती, आणि तेव्हा तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं. देवाच्या घरी न्याय आहे, असं. ती म्हणाली, “मी विचारते ते सरळ सांग. तू आणि वेसल?”

फेनाने चमचा बशीत ठेवला. “तो शेगडीपाशी बसून रडायचा आणि मी रंगवायचे. नाक शिंकरायला त्याने माझी रंगाची चिंधी घेतली एकदा, दोन दिवस नाक निळं. एवढंच आमचं प्रकरण. विश्वास ठेवायचा तर ठेव, नाही तर दोन वीसची गाडी आहे.”

“मग बोलली का नाहीस? मी रस्त्यात तोंड फिरवायला लागले तेव्हा?”

“तू विचारलंस कुठे? सिगारेटचा कागद बघितलास आणि निकाल देऊन मोकळी झालीस.”

हर्मीनच्या हातातला कप थांबला. तो कागद तिने शेगडीत टाकला होता. कुणाला दाखवला नव्हता. “कागदाचं तुला कुणी सांगितलं?”

“वेसलने. त्याने बघितलं होतं तुला तो जाळताना. माझ्याकडे आला, म्हणाला, तिच्या डोक्यात भलतंच शिरलंय. मी म्हटलं, मग सांग ना बाबा खरं. तो म्हणाला, नको. ती आज सकाळी चिडून उठली आणि खोलीत जाऊन चित्र काढायला बसली. संशय घेऊ दे. खरं कळलं की आपल्याशिवायही आपली चित्रं होतात, तर पुन्हा आडवी होईल.” फेना खिडकीकडे बघत होती. “मला ते पटलं. तेव्हा पटलं. नंतर राग आला, पण नंतर कोण येतंय सांगायला.”

म्हणजे तेहतीस वर्षं तो माणूस शेजारी झोपला आणि तिला वाटू दिलं त्याने, की तो घसरला होता. तिने त्याला किती वेळा टोचलं असेल. जेवताना, पाहुण्यांपुढे, त्याच्या शेवटच्या आजारात उशी सरळ करतानासुद्धा. तो म्हणायचा, बटाटे छान झालेत. हर्मीनला एकाएकी त्याचा भयंकर राग आला, मग रडू आलं, आणि दोन्ही गिळून ती म्हणाली, “संडास कुठे आहे?”

दोन हात पसरले तर भिंती लागतील एवढी ती जागा. समोर, डोळ्यांच्या उंचीवर, कॅलेंडर. कुठल्याही घरात असतं तसंच. पण हे तिच्या घरच्यासारखंच होतं, त्याच दुकानातलं, त्याच वर्षी दोघींनी मिळून घेतलेलं, महिन्यामहिन्याला पवनचक्कीचं एक बेकार चित्र. त्या चित्रांना त्या दोघी किती हसल्या होत्या. फेब्रुवारीचं पान लावलेलं होतं. हर्मीनला ते पान आवडत नसे. स्वतःच्या घरी ती फेब्रुवारीभर डोळे मिटून बसायची म्हटलं तरी चालेल. आता तिने सवयीने नजर खाली नेली, चौदापाशी कुणी हेन्क, क्रूस लावलेला. आणि त्याखाली सतरा. सतरापुढे निळ्या बॉलपेनने, शाई इतकी जुनी की जांभळी पडलेली, एक नाव. योरिस. क्रूस नव्हता. हर्मीनने बोट लावून पाहिलं, पेन दाबून लिहिलेलं, कागदाला खड्डा होता. इस्पितळात वेसलच्या कानात सांगितल्यावर ते नाव तिने परत कुठे पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं, आणि रात्ररात्र जागून स्वतःशीही नीट उच्चारलं नव्हतं. आणि इथे, झुटफेनला, परक्या संडासात, ते चव्वेचाळीस वर्षं दर फेब्रुवारीला भिंतीवर येत होतं. कुणीतरी दिवसातून चारदा त्याच्याकडे बघत होतं. पानं उलटायचं तिने ठरवलं नव्हतं, हाताने उलटली. नोव्हेंबरात तिचं स्वतःचं नाव होतं. खोडलेलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा फेना दाराशीच उभी होती. “पाणी ओढलं नाहीस,” ती म्हणाली.

“नाव वेसलने सांगितलं?”

“मीच विचारलं. चित्र होईना. एक कुंडी काढली, दुसरीची जागा ठेवली, ती नुसती रिकामी दिसे, काही नसल्यासारखी. मी त्याला म्हटलं, नाव सांग त्याचं. नाव नसलेल्याची जागा मला काढता येत नाही. मग झालं ते.” तिने संडासाचं दार ओढून घेतलं. “तू पुढे तेच काढत गेलीस सगळं. माझा अंदाज बरोबर आला, एवढंच. चोरलंस बिरलंस असलं काही मनात आणू नकोस, तुला सवय आहे.”

हर्मीन खुर्चीत बसली आणि पर्समधून फोन काढला. मार्लूसने लगेच उचलला. “पोस्टर गेलं का छापायला?” हर्मीनने विचारलं.

“दुपारी जातंय. का हो?”

“थांबव. त्यावरचं नाव चुकलंय. ते चित्र फेना ओस्टरहाउसचं आहे.”

मग मार्लूस अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलली, “वोल्बर्सबाई, काल तुम्हीच म्हणालात ना. आणि सही तुमची आहे.”

“काल मी खोटं बोलले. नाव माझं आहे, सही माझी नाही. अस्तर बघ कडेला. माझी पन्नास चित्रं आहेत तुझ्याकडे, एकाखाली तरी विटकरी दाखव.”

“पण मग सगळी मांडणीच... लोक विचारतील, तिने तुमच्या नावावर का काढलं.”

फेना मान हलवत होती, नको, नको. तिने कुजबुजून म्हटलंही, “माझं नाव नको लावू. सगळं सांगावं लागेल तुला, त्या पोराचंसुद्धा.” हर्मीनने तिच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, “विचारू देत. त्या फेब्रुवारीत माझा मुलगा गेला. योरिस. मी अंथरुणाला खिळले होते, आणि हिने माझं घर चालावं म्हणून स्वतःचं काम बुडवलं. असं लिहा चित्राखाली. जागा कमी पडली तर माझी माहिती गाळा.” योरिस म्हणताना तिचा आवाज फाटला, इतकी वर्षं न वापरलेला शब्द, जिभेला वळण नव्हतं. मार्लूस पुढे काय म्हणाली ते तिला नीट कळलं नाही. फेनाने डब्याचं झाकण काढलं, डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि तो तसाच उघडा राहू दिला. दोघींनी मिळून बरीच बिस्किटं खाल्ली, फारसं न बोलता. दोन वीसची गाडी गेली, तीन वीसचीही.

घरी परतताना गाडीत तिला वाटलं, फेना ‘नको, नको’ म्हणाली ते मनापासून होतं का? आणि ती बाकीची दोन चित्रं, ते जास्त चांगलंसुद्धा, ती खरंच गेली, की कुठे कपाटात आहेत? जन्माची खोड अशी एका दुपारीत जात नाही. घरात शिरल्यावर तिने कोटही काढला नाही, स्वयंपाकघरातून पेन घेतलं आणि संडासात जाऊन दिवा लावला. सतरा फेब्रुवारीला तीन दिवस होऊन गेले होते. तारखेपुढे तिने योरिस लिहिलं, भराभर, आपल्याच माणसाचं नाव लिहावं तसं, वेडंवाकडं. मग पानं उलटून ऑगस्ट काढला. भोक तिथेच होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्याच्या शेजारी जेवढी जागा उरली होती तेवढ्यात, चष्मा पुढे ओढून, श्वास धरून, एकेक रेघ मोजत, तिने फेनाचं नाव लिहिलं.